जखमी वीराची उलटतपासणी

आमच्या गिरगावच्या घरात वकील होणं ही काही अप्रूपाची गोष्ट नव्हती. वडील फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क, त्यांचे वडील त्याच कचेरीत साधे क्लार्क, आणि त्यांच्याही आधीच्या कोणाची तरी म्हणे माहीमला नारळाची वाडी होती. ती वाडी गेली कुठे, असं विचारलं की घरातली मोठी माणसं एकदम पानाला चुना लावायला लागत. अशा घराण्यातल्या मुलाने एलएल.बी. व्हावं आणि मृत्युपत्रं, ट्रस्ट, खरेदीखतं अशा इस्त्रीच्या कामांत आयुष्य घालवावं, हे माझ्या मुंजीतच ठरलं होतं. मी मात्र गिरण्यांत तुटलेल्या हातापायांच्या केसेस घ्यायला लागलो.

"हातापायांच्या?" आईने विचारलं. "म्हणजे डॉक्टरसारखं?"

"डॉक्टर जोडतात," वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "हा मोजणार."

म्हातारा तसा चुकीचं बोलत नव्हता. कामगाराला अपघात झाला तर नुकसानभरपाई किती, याचं कायद्यात एक भावपत्रकच होतं. अंगठ्याचा भाव वेगळा, करंगळीचा वेगळा. उजव्या हाताला मान जास्त, डाव्याला कमी. ज्या कोणी साहेबाने ते पत्रक केलं, त्याने माणसाकडे खाटकाच्या नजरेने पाहिलं असणार. पण निदान पाहिलं तरी! आमच्या गिरगावातल्या बऱ्याच जणांनी परळच्या पुढे माणसं राहतात हे ट्रामच्या पाटीवरच वाचलेलं होतं.

लग्नाच्या बाजारात माझ्या धंद्याचे फार हाल झाले. मुलीकडचे विचारायचे, मुलगा काय करतो? आई म्हणायची, कोर्टात असतो. हायकोर्टात का? आई म्हणायची, "त्याच बाजूला." मग चहा यायचा आणि नेमका त्याच वेळी कोणीतरी हाताला फडकं बांधलेला माणूस जिन्यावरून हाक मारायचा, "वकीलसायेब आसत काय?" स्थळ गेलं. आईने शेवटी मला बजावलं, "तुझी ती माणसं घरी आणू नकोस बाबा. पाहुणे जेवत नाहीत रे." म्हणून मी लालबागला एका खानावळीच्या माडीवर एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकल्या. तिथे दिवसभर खालून बांगड्याच्या तिखल्याचा वास यायचा. गिरगावात परत आलो की वडील लांबूनच ओळखायचे, आज कोर्ट नव्हतं म्हणून.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मुंबई महाराष्ट्राची, यावर गिरगाव आणि लालबाग यांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं होतं. गिरगावातले लोक सभेला जायचे, लालबागचे लोक लाठ्या खायचे. कामाची वाटणी अगदी चोख होती. आमच्या चाळीतले एक पेन्शनर रोज संध्याकाळी कठड्याशी उभे राहून सरकारला दम द्यायचे आणि खाली पोलिसाची गाडी दिसली की आत जाऊन दिवेलागणीची आरती म्हणायचे. मीही काही तलवार घेऊन फिरत नव्हतो. पण मला आरती येत नव्हती, एवढाच काय तो फरक.

आणि सत्कार! मराठी माणसाला दुसरं काही परवडो न परवडो, सत्कार परवडतो. कोणाला खरचटलं तरी शाल. कोणी पोलीस चौकीत दोन तास बसून आला की नारळ. लालबागच्या चाळींत तर त्या दिवसांत नारळाचा भाव वाढला असावा. त्यातलाच एक सत्कार पुढे माझ्या टेबलावर येऊन बसला.

आला तो एक मालवणी माणूस, बायकोला घेऊन. उजवा हात मनगटाच्या वरपासून गेलेला, त्यावर स्वच्छ धुतलेला पंचा गुंडाळलेला. मी त्याला ओळखलं. म्हणजे त्याचं नाव लालबागच्या भिंतींवर वाचलं होतं. 'चळवळीतील जखमी वीर' म्हणून त्याच्या चाळीच्या मंडळाने त्याचा जाहीर सत्कार केला होता. मी खुर्ची पुढे सरकवली. वीर आपल्या माडीवर रोज कुठे येतात?

"लाठी लागली की गोळी?" मी विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "सांगा की आता. की माझ्याच तोंडानं ऐकूचा आसा तुमका?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पट्ट्यात गेलो हात. मिलमध्ये."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हा माणूस बदली कामगार होता. म्हणजे कोणी रजेवर गेला तर त्याच्या जागी काम, नाहीतर गेटावर उभं राहून परत घरी. वर्षानुवर्षं असंच. त्या दिवशी सगळ्या मिल बंद, हरताळ. पण त्याच्या मिलला एक माल घाईने पाठवायचा होता. तेव्हा पुढच्या गेटाला टाळं, म्हणजे दगड यायला नकोत, आणि मागच्या दाराने थोडे बदली कामगार आत. जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, सांगितलं होतं की आज येईल तो कायमचा होईल. आज नाही आला त्याने पुन्हा तोंड दाखवू नये. हा गेला. दुपारी चालत्या पट्ट्यात हात सापडला. कोणीतरी मशीन थांबवली, याला ओढून काढलं आणि मागच्याच दाराने परळच्या हॉस्पिटलात नेलं.

हॉस्पिटलात त्या दिवशी चळवळीतले जखमी ओळीने झोपवलेले होते. नेणाऱ्याने सांगितलं, "दंग्यात सापडला." दुसरं सांगणार तरी काय? हरताळाच्या दिवशी मिलमध्ये होता म्हणून? डॉक्टरांना त्या गर्दीत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यांनी हात चिरडलाय एवढं लिहिलं आणि कापला. दुसऱ्या दिवशी पुढारी आले आणि खाटेमागून खाट हार घालत गेले. हा गुंगीत होता. जागा झाला तेव्हा गळ्यात झेंडूचा हार आणि सबंध चाळ पायथ्याशी उभी.

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?" मी कपाळाला हात लावला.

"नारळ हातात दिल्यानी. तेव्हा काय बोलतलंय?"

आता यावर कुठला कायदा सांगणार? माणूस वीर झाला होता आणि ते त्याला कोणी विचारलंही नव्हतं. बरं, सत्काराने पोट भरत नाही. हात गेल्यावर मिलने त्याला ओळखच दाखवली नाही. दावा जिंकला तर लालबागची खोली टिकेल, बायको काहीतरी जोडधंदा उभा करील. दावा गेला तर खोली सोडायची आणि गावी जाऊन भावाच्या ओसरीवर जन्मभर मिंध्यासारखं बसायचं. आणि दावा जिंकायचा तर त्याने कोर्टात उभं राहून आपल्याच तोंडाने सांगायचं की मी वीर नाही, अख्खं लालबाग रस्त्यावर असताना मी मागच्या दाराने कामावर गेलो होतो. लालबागेत अशा माणसाला फितूर म्हणत. तो शब्द एकदा चिकटला की पोरांच्या लग्नापर्यंत जात नसे.

"आणि ज्याने ओढून काढलं, तो कोण?" मी विचारलं. "त्याची साक्ष हवी. तुमच्या एकट्याच्या शब्दावर मिलचा वकील तुम्हाला उभा सोलेल."

"तेचा नाव मी सांगूचंय नाय."

"अहो, पण..."

"तेना माझो जीव वाचवल्यान. तेका मी फितूर करू?"

मी समजावलं, चिडलो, टेबलावर हात आपटला. खानावळवाली खालून ओरडली, काय पडलं म्हणून. तो ढिम्म हलला नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती, ओठ घट्ट मिटून. तिला नाव ठाऊक आहे हे मला तेव्हाच कळलं. पण नवऱ्यासमोर ती बोलणार नव्हती.

दावा लावला. मिलचं उत्तर आलं ते असं, की त्या दिवशी मिल पूर्ण बंद होती, आत चिटपाखरू नव्हतं, अर्जदार कुठे जखमी झाला ते सगळ्या लालबागला माहीत आहे.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात शिरलो तर काय! अर्धी चाळ बाकांवर. पुढच्या बाकावर चाळीच्या मंडळाचे चिटणीस, ज्यांनी तो सत्कार घडवून आणला होता. गांधीटोपी कडक, हातात घडी केलेला पेपर. हाही त्याच मिलमध्ये कामाला, पण त्याची खरी नोकरी भाषणाची. त्याने लोकांना सांगितलं होतं की चळवळीत गेला म्हणून मिलने आपल्या वीराला काढलंय आणि त्यासाठी ही केस आहे. लोक वीराच्या पाठीशी उभे राहायला आले होते. पाठीशी उभं राहायला आलेल्या लोकांसमोरच आता बिचाऱ्याला सोलून निघायचं होतं.

मिलतर्फे एक बॅरिस्टर होते. विलायतेत शिकलेले, रुमालाला अत्तर. चळवळीबद्दल क्लबात काय बोलत असतील ते सांगायला नको. पण त्या दिवशी त्यांनी जो महाराष्ट्राभिमान दाखवला, वा! तसा मी चौपाटीच्या सभेतही ऐकला नव्हता. सत्काराचं छापील पत्रक, भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरांपुढे धरून ते म्हणाले, "या शूर गृहस्थाबद्दल माझ्या अशिलांना अत्यंत आदर आहे. त्यांनी आपल्या भाषेसाठी रक्त सांडलं. त्या त्यागाला पट्ट्यातला अपघात म्हणणं हा त्यांचाच अपमान आहे." बाकांवरच्या लोकांनी माना डोलावल्या. मिलचा वकील आपल्या माणसाची एवढी तारीफ करतोय आणि आपला स्वतःचा वकील तोंड वाकडं करून बसलाय, हे त्यांना काही केल्या कळेना.

माझा माणूस पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घ्यायला डावा हात वर केला, मग घाबरून कमिशनरकडे पाहिलं. कमिशनर म्हणाले, चालेल.

मी विचारलं, "त्या दिवशी दुपारी तुम्ही कुठे होता?"

मागे कोणीतरी खोकलं. मग तो म्हणाला, "मिलमध्ये होतंय. मोर्च्यात गेलंय नाय."

बाकांवरच्या डोलणाऱ्या माना थांबल्या. मग मागून आवाज आला, "फितूर!" कमिशनरांनी टेबल बडवलं. मी मागे वळून पाहिलं. ओरडणारा तोंड लपवत होता. चिटणीस मात्र वळलेच नव्हते, हातातल्या पेपरात एकदम काहीतरी महत्त्वाचं सापडल्यासारखे बघत होते.

बॅरिस्टर उठले, आवाजात साखर घोळवत. "एकटेच होतात आत?"

"नाय."

"मशीन कोणी थांबवली?"

"एक माणूस होतो."

"नाव?"

"नाव मी सांगूचंय नाय."

"म्हणजे माणूस नव्हताच," बॅरिस्टर म्हणाले आणि खाली बसले. बसताना त्यांनी माझ्याकडे बघून थोडंसं हसूनही घेतलं. मला त्या क्षणी त्यांच्या अत्तराच्या रुमालासकट त्यांना चौपाटीच्या वाळूत पुरावंसं वाटलं. आणि माझ्या अशिलालाही शेजारीच. अरे बाबा, हात गेला, नाव गेलं, आता खोलीही घालवतोस? कोणासाठी? जो तुझ्यासाठी तोंड उघडत नाही त्याच्यासाठी?

कमिशनरांनी मला विचारलं, दुसरा साक्षीदार? मी नाही म्हणायला उठलो, आणि माझ्या मागे बांगड्या वाजल्या.

त्याची बायको उभी होती. पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला, बोट पुढच्या बाकाकडे. "ह्येनाच ओढून काढल्यान. ह्यो बसलो हा तो!"

बोट चिटणीसावर होतं.

"बाई, खाली बसा," कमिशनर म्हणाले.

"बसतंय सायबानू, माका बोलू द्या मगे बसतंय. पयली खबर ह्येनाच आणल्यान माझ्याकडे. रगतानं भरलेलो शर्ट. पट्ट्यात गेलो म्हणान रडत होतो. आणि सांजेक येऊन सांगता, वयनी, पोलिसांनी मारल्यानी असा सांगा! नारळ दिल्यास, शाल दिल्यास. हात दितलास तू?"

"गप बस!" तिचा नवरा पिंजऱ्यातून ओरडला. इतक्या मोठ्याने मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "बस म्हणतंय ना!"

ती बसली. पण जे व्हायचं ते झालं होतं. कोर्टात हजर असलेल्या माणसाला तिथल्या तिथे साक्षीला उभं करता येतं. मी तसा अर्ज तोंडीच केला. बॅरिस्टरांनी हरकत घेतली, कमिशनरांनी ती बाजूला सारली. चिटणीस उठले. पिंजऱ्यात चढताना त्यांची टोपी पडली, ती त्यांनी उचलून उलटी घातली.

शपथ झाली आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "अध्यक्षमहाराज, बंधू आणि भगिनींनो..."

"प्रश्नाचं उत्तर द्या," कमिशनर म्हणाले.

मी विचारलं. चिटणीसांनी एकदा बाकांकडे पाहिलं, एकदा त्या पंचा गुंडाळलेल्या हाताकडे. मला वाटलं, आता हा माणूस साफ नाकारणार. नाकारलं असतं तर मी काय करू शकणार होतो? काही नाही. पण त्याचा चेहरा रडवेला झाला आणि तो पुटपुटला, "होय. मशीन मी थांबवली. मीच ओढलं. मी पण बदलीच आहे हो, साहेब. मला पण जॉबर बोललेला."

आता बॅरिस्टरांचा तोल गेला. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोघंच? की आणखीही काल्पनिक लोक होते?" विलायतेतल्या शिक्षणात हे शिकवत नसावेत, की ज्याने महिनोन्‌महिने तोंड दाबून धरलंय त्याला आणखी काही विचारू नये. चिटणीसांनी बाकांकडे हात केला. "काल्पनिक? तो बघा, तिसऱ्या बाकावरचा, तो होता. तो खांबाजवळचा. आणि तो आता मागे सरकतोय ना, निळ्या सदऱ्यातला..."

फितूर म्हणून ओरडणारा सगळ्यात आधी दारातून बाहेर पडला. मग एकेक जण. कोणाला लघवीला जायचं, कोणाला मिलच्या पाळीला. थोड्याच वेळात बाकांवर बायका, दोन म्हातारे आणि चळवळीत खरोखर डोकं फुटलेला एक माणूस उरला. तो एवढा हसला की कमिशनरांनी त्यालाही बाहेर काढलं.

दावा आम्ही जिंकला. खोली टिकली. बाईने पुढे बदली कामगारांसाठी घरातच जेवणाचे डबे सुरू केले. आणि माझी वकिलीही खरी त्या दिवसापासून चालली. पुढच्या महिन्यात माझ्या माडीवर चोरपावलांनी माणसं यायला लागली, कोणाचं बोट, कोणाचा खांदा, आणि प्रत्येकाचं एकच, "साहेब, मला लाठी नव्हती लागली." मराठी माणसाचा त्याग किती बाजूंनी मोजता येतो ते मला तेव्हा कळलं. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "फी मिळते ना? मग ठीक आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे शालच होती.

पण माझा माणूस कोर्टापासून बायकोशी बोलेनासा झाला. एक अक्षर नाही. पाणी हवं असेल तर भांडं वाजवायचा. ती डब्याचं काही विचारायला माझ्याकडे आली की मी विचारायचो, अजून? ती म्हणायची, "नायतर नाय. जेवतत ना माझ्या हातचा?" आणि पदराने तोंड पुसायची. मला फार वाईट वाटायचं. बाईने नवऱ्याचं घर वाचवलं आणि घरातच दोन शब्दांना मुकली. नवऱ्याचंही काही चुकलं असं मला म्हणवत नव्हतं. त्याने एकच गोष्ट सांभाळायची ठरवली होती, आणि तीच तिने चव्हाट्यावर मांडली.

मग एकदाचं राज्य मिळालं. मुंबईसकट. लालबागला सकाळपासून तोरणं, रांगोळ्या, बँड. त्या चाळीच्या पटांगणात सभा होती. मला बोलावणं होतं, कारण तोपर्यंत त्या चाळीतल्या बऱ्याच हाडांची कागदपत्रं माझ्याकडे होती. आणि व्यासपीठावर कोण? चिटणीसच! काही दिवस तोंड लपवलं असेल गड्याने, पण भाषण करणारा दुसरा कोणी चाळीत नव्हता. टोपी सरळ, आवाज खणखणीत. चळवळीतल्या जखमींची नावं एकेक करून वाचली जात होती. ज्याचं नाव येईल तो वर जायचा, नारळ घ्यायचा.

माझा माणूस नळाजवळ मागे उभा होता. त्याचं नाव कोणी घेतलं नाही. घेणारही नव्हतं, आणि त्यानेही अपेक्षा केली असेल असं नाही. बायको दोन हात लांब उभी. आपल्या चाळीचा सोहळा म्हणून दोघं आली होती, एवढंच.

तो डोकं फुटलेला माणूस, कोर्टात हसलेला, व्यासपीठावर चढला आणि पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळी चाळ दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. माझा माणूस डावा हात वर करून नुसता उभा होता. त्या हाताचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. मांडीवर मारून पाहिला. आवाज आला नाही. मग त्याने तो हात बाजूला, बायकोपुढे धरला. तिच्याकडे न बघता.

तिने क्षणभर त्या तळव्याकडे पाहिलं. पदर कमरेला खोचला आणि आपला उजवा हात त्यावर मारला. हळूच, दुखेल की काय अशा बेताने.

"जोरान मार गो," तो म्हणाला.